किराणा भरायला सगळं घर न्यावं का? आणि नेलं तर कसं न्यावं?

दोन वर्षांपूर्वी बायकोचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, तेव्हा महिन्याचा किराणा भरायला मी पहिल्यांदा एकटा गेलो. यादी तिनेच लिहून दिली होती. तरी दुकानातून मी तिला अकरा फोन केले. पोहे जाडे की पातळ? रवा बारीक की जाड? मोहरी मोठी की बारीक? 'तूरडाळ ३ किलो' लिहिलंय, पण इथे तर चार प्रकारची आहे, आपली कुठली? सातव्या फोनला ती म्हणाली, "अरे, सतरा वर्षं तू हेच खातोयस ना?"

घरात काय लागतं, किती लागतं आणि कुठलं लागतं, हा सगळा हिशोब एकाच माणसाच्या डोक्यात होता. ते माणूस आडवं पडलं आणि घर अडलं. मग आम्ही ठरवलं की यापुढे सगळ्यांनी मिळून जायचं. आम्ही दोघं, माझी आई, तेव्हा सातवीत असलेली मुलगी आणि बालवाडीतला मुलगा. पहिल्या दोन खेपा सपशेल फसल्या. बिल नेहमीच्या दीडपट झालं, आई बिचारी अडीच तास उभी राहिली आणि घरी आल्यावर कळलं की मीठ राहिलंच.

आता आमची घडी बसली आहे. दर तीन महिन्यांनी एकदा सगळं घर जातं. मधल्या दोन महिन्यांत दोघंच जातात, आणि ते दोघं दरवेळी वेगळे. यादी करताना आणि आणलेलं सामान डब्यांत भरताना मात्र दर महिन्याला सगळे हजर. माझं मत विचाराल तर दुकानात सगळ्यांनी गेलंच पाहिजे असं मुळीच नाही. डबे सगळ्यांनी उघडले पाहिजेत.

माणसं वाढली की बिल का वाढतं

वाण्याच्या दुकानात हा प्रश्नच नव्हता. आपण यादी द्यायची, तो पुड्या बांधायचा. यादीबाहेर फार तर पोराच्या हातात एक गोळी. गिऱ्हाइकाने स्वतः फिरून माल उचलायचा, ही पद्धत क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात सुरू केली. त्यांच्या दुकानाचं नाव पिगली विगली. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्वन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी आवरती घेतात. म्हणून त्यांनी टोपलीला चाकं लावली. आपल्याकडे डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत उघडलं, आणि बघता बघता 'किराणा भरणे' म्हणजे ट्रॉली ढकलणे होऊन बसलं.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. स्वतः उचलायच्या दुकानात घरातलं प्रत्येक माणूस स्वतंत्र गिऱ्हाईक होतं. पाच जण गेले की दहा हात. आणि ट्रॉली कधी 'जड झाली, पुरे आता' असं म्हणत नाही. म्हणून सगळे गेले तरी ट्रॉली एकच. दुसरी घेतली की ती भरतेच. मधल्या किरकोळ खरेदीला हातातली टोपली घ्या. गोल्डमन यांना जे नको होतं, नेमकं तेच आपल्याला हवं आहे.

कधी न्यावं, कधी नको

पगार झाल्यापासून दहा तारखेपर्यंतची संध्याकाळ आणि शनिवार-रविवारची संध्याकाळ, या वेळी पूर्ण कुटुंब नेऊ नये. रांगेतच तास जातो. आम्ही १५ तारखेनंतरचा रविवार धरतो आणि दुकान उघडताच आत असतो. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर एकानेच जावं आणि लवकर परत यावं. फराळाचं सामान तीन आठवडे आधी भरा. तेव्हा सगळ्यांना न्यायला मजाही येते, कारण चिवड्याला काय काय लागतं ते मुलांना तिथेच कळतं.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याच्या झोपेची वेळ टाळा. कुणाला ताप-सर्दी असेल तर बेत पुढे ढकला. आणि घरून खाऊन निघा. उपाशीपोटी माणूस फरसाणाच्या फडताळासमोर कसा वागतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

आदल्या दिवशीची डबे-पाहणी

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक घरांत हेच वगळलं जातं.

शनिवारी संध्याकाळी पाऊण तास काढा. आमच्याकडे धान्य-डाळींचे डबे आई बघते, मसाले आणि तेल-तूप बायको, साबण-भांडीघाशी-फिनेल हा विभाग माझा. मुलगी वही घेऊन बसते आणि लिहिते. धाकटा डबे हलवून आवाजावरून किती उरलंय ते ओळखतो. त्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, हे विशेष.

किती आणायचं याचं गणित सोपं आहे. महिन्याला लागतं तेवढं, अधिक आठवडाभराची शिल्लक, वजा डब्यात आहे ते. आमच्या पाच जणांना तूरडाळ महिन्याला ३ किलो लागते. आठवड्याची शिल्लक म्हणून पाऊण किलो धरली, झाली पावणेचार. डब्यात सव्वा किलो आहे, म्हणजे आणायची अडीच. नववीतल्या मुलीला हे करायला अर्धं मिनिट लागतं. पण 'महिन्याला किती लागतं' हा आकडा तुमच्या घराचा तुम्हालाच काढावा लागेल, दुसऱ्या कुणाचा उपयोगी नाही. तीन महिने नोंद ठेवली की तो आपोआप हाती येतो. आमची पहिली नोंद बघून आम्हीच चक्रावलो होतो. शेंगदाणे महिन्याला अडीच किलो! मग आठवलं, उपासाची खिचडी, कोशिंबिरी, भाज्यांना कूट आणि शिवाय येता-जाता मूठभर.

यादी लिहिताना नुसतं नाव लिहू नका, जात आणि कारण लिहा. 'रवा दीड किलो' असं लिहिलं की माझ्यासारखा माणूस फसतो. 'जाड रवा १ किलो, उपम्याला. बारीक रवा अर्धा, लाडवांना' असं लिहिलं की दहा वर्षांचं पोरही बरोबर आणतं. तसंच 'जाडे पोहे, कांदेपोह्यांना, पातळ, चिवड्याला'. तांदूळ 'कोलम, रोजचा' आणि 'इंद्रायणी, मऊ भाताला'. ही वाक्यं एकदा लिहावी लागतात, मग दर महिन्याला तीच उतरवायची.

यादीच्या मागच्या पानावर आम्ही आणखी एक यादी करतो: 'आणू नका'. घरात चार टूथपेस्ट आहेत, दोन किलो साबुदाणा आहे, सॉसच्या दोन बाटल्या अर्ध्या पडून आहेत. जे हवं ते आठवतंच. जे घरात पडलंय ते दुकानात गेल्यावर कुणालाच आठवत नाही, विशेषतः 'एकावर एक फ्री'ची पाटी दिसली की. या मागच्या पानाने आमचे जितके पैसे वाचवले तितके कुठल्याही स्कीमने वाचवले नसतील.

काही गोष्टी या यादीत येतच नाहीत. गहू आम्ही एप्रिल-मेमध्ये वर्षाचा भरतो, मिरची-मसाला उन्हाळ्यात कांडून आणतो. आईचा हट्ट आहे आणि तो रास्त आहे. गूळ आणि खोबरं अजून कोपऱ्यावरच्या वाण्याकडून येतं, कारण तो चाखायला देतो.

मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या लोकांना मुंबई ग्राहक पंचायत ठाऊक असेल. १९७५ पासूनची ही संस्था. शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात आणि आलेला माल आपसांत वाटून घेतात. तिथे फडताळांपुढून फिरणं नाही, त्यामुळे मोहही नाही. घरात बसून नीट यादी करायची सवय ज्यांना तिथे लागली, त्यांना मी आतापर्यंत जे सांगितलं ते बाळबोध वाटेल.

पैशाचं आधी बोला

आकडा घरीच ठरवा आणि मुलांसमोर ठरवा. "या वेळी साडेसहा हजारांच्या आत" असं स्पष्ट सांगा. पैसे कमी असतील तर तेही सांगा, मुलांना ते कळतं. लपवलं तर ती दुकानात हट्ट धरतात, कारण त्यांच्या लेखी आईबाबांकडे कार्ड असतं आणि कार्डात पैसे असतातच.

यातच प्रत्येकाची एक मर्जीची वस्तू धरायची. आमच्याकडे मर्यादा ८० रुपये. ती वस्तू कुणी का घेतली हे विचारायचं नाही, नाक मुरडायचं नाही. बिलाच्या रांगेत लागेपर्यंत ती बदलता येते, पण वस्तू एकच. हा नियम मोठ्यांनाही लागू. धाकट्याचे निर्णय अकरा वेळा बदलतात. आई मात्र गेली दोन वर्षं आवळा सुपारीच घेते. मी काय घेतो ते सांगत नाही.

दुकानात पाऊल टाकल्यावर

आत शिरण्याआधी दोन मिनिटं बाहेर थांबा. मुलाचा तिथेच एक फोटो काढा, म्हणजे चुकामूक झालीच तर आज कुठला शर्ट घातला होता हे आठवत बसावं लागत नाही. त्याला सांगून ठेवा: आम्ही दिसलो नाही तर शोधत फिरायचं नाही, आहेस तिथेच थांबायचं आणि दुकानाचा गणवेश घातलेल्या काका-मावशींना सांगायचं. आपला एक फोन नंबर त्याला पाठ हवा. ट्रॉलीत मुलाला उभं राहू देऊ नका, ती कलंडते.

सगळ्यांनी घोळका करून एकेका फडताळासमोर उभं राहायचं नाही. ट्रॉली एका रुंद जागी लावायची, तिच्यापाशी एक मोठं माणूस. तो आमचा तळ. बाकीचे दोन-दोनच्या जोड्या करून यादीतल्या चार-पाच वस्तू आणतात आणि तळावर येतात. खाली धान्य आणि तेल, वर पोहे-कुरमुरे, साबण-फिनेल एका बाजूला वेगळं. दूध, लोणी, पनीर अगदी शेवटी.

कामं वयाप्रमाणे वाटा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पाकिटावरची हिरवी खूण शोधू दे: चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. सहा-सात वर्षांचं मूल तारीख वाचू शकतं. त्याला सांगा, दही-ब्रेडची मागच्या रांगेतली पाकिटं बघ, पुढे बहुधा आधी संपणारी ठेवलेली असतात.

नऊ-दहाच्या पुढच्या मुलांना दराचं काम द्या. मोठं पाकीट स्वस्तच पडतं, हा समज त्यांनाच मोडू दे. समजा अर्ध्या किलोचं पाकीट ९२ रुपयांना आणि किलोचं १८९ ला. शंभर ग्रॅमला छोटं १८ रुपये ४० पैसे पडलं, मोठं १८ रुपये ९० पैसे. आता पाकिटावर एककाचा दर छापलेला असतो, बारीक अक्षरांत का होईना. आपल्याला चष्मा शोधावा लागतो, मुलांना नाही. शाम्पूच्या पुड्या आणि बाटली यांचा हिशोब त्यांना एकदा जरूर करायला लावा, निकाल बरेचदा पुडीच्या बाजूने लागतो. तेलाच्या पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही वाचायला शिकवा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारची पिशवी दिसायला तेवढीच, किमतीला कमी आणि आत ८०० ग्रॅम, असं सर्रास असतं.

आमच्या मुलीला यात गोडी लागली ती घटकांच्या यादीमुळे. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो पहिला लिहायचा, हा नियम आहे. 'बदामाचं' म्हणून विकलेल्या पाकिटात बदाम सहावा असतो आणि साखर पहिली. आइस्क्रीमच्या कपाटात निम्म्या डब्यांवर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. साखरेची टोपणनावंही तिने शोधून काढली: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप. शंभर ग्रॅममागे साखर २५ ग्रॅम लिहिली असेल तर ती पाच-सहा चहाचे चमचे झाली. धाकट्याला हे घरी वाटीत चमच्याने मोजून दाखवलं. त्याने त्याचं पावडरीचं पेय सोडलं नाही, पण अर्धा चमचा पावडर कमी घालू लागला. एवढंही पुष्कळ.

आजी-आजोबांना 'तुम्ही बसा बाकावर' म्हणून बाजूला सारू नका, आणि दोन तास उभंही ठेवू नका. आईचं काम ठरलेलं आहे: सुटा माल. शेंगदाणे चोळून बघणं, एक दाणा चावून खवटपणा ओळखणं, तांदूळ नवा की जुना ते दातांखाली धरून सांगणं, डाळ फार चकचकीत असली तर बाजूला सारणं. हे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं. मुलगी त्या वेळी तिच्यासोबत असते. अर्ध्या तासात त्यांचं काम आटोपतं, मग आईला दाराजवळच्या बाकावर बसवून मुलगी तळावर येते.

हट्टाचं काय? खेळणी आणि चॉकलेटची फडताळं मुद्दाम मुलांच्या नजरेच्या उंचीवर मांडलेली असतात. त्या गल्लीत शिरायचंच नाही, हा एक उपाय. तरी मुलाने भोकाड पसरलंच तर एका मोठ्याने त्याला घेऊन बाहेर जावं, दुसऱ्याने खरेदी चालू ठेवावी. ओरडायचं नाही आणि गप्प करायला हातात चॉकलेटही द्यायचं नाही, कारण पुढच्या महिन्यात तो आल्या आल्या भोकाड पसरेल. सगळ्यांनी मिळून जाण्याचा हा एक मोठाच फायदा, की बाहेर न्यायला माणूस असतं. एकट्या आईने दोन मुलांना घेऊन किराणा भरायला जाणं ही शिक्षा आहे.

बिलापाशी

एकाने माल काढायचा, एकाने फक्त पडद्याकडे बघायचं. हे दुसरं काम आमची मुलगी करते. एकदा आमचे शेंगदाणे दोनदा नोंदले गेले होते, ते तिनेच पकडलं. फडताळावरची पाटी आणि बिलातला भाव वेगळा आला तर तिथेच शांतपणे विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त कुणी घेऊ शकत नाही. मोबाइल नंबरची सक्ती दुकानाने करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तक्रारच करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पिशव्या घरून न्या. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि दर महिन्याला कापडी पिशवी विकत घेतली तर घरात पिशव्यांचंच दुकान होतं. भरताना साबण आणि कणीक एकत्र घालू नका. एकदा आमच्या पोळ्यांना आठवडाभर लिंबाच्या भांडीसाबणाचा वास येत होता.

घरी आल्यावर

इथे सगळे पांगतात आणि पिशव्या ओट्यापाशी एका बाईच्या नशिबी येतात. पांगू देऊ नका. चहा घ्या, मग सगळे बसा. डब्यातलं जुनं आधी ताटात काढा, डबा कोरड्या फडक्याने पुसा, नवं खाली आणि जुनं वर. रवा कोरडाच भाजून, गार करून भरला तर टिकतो. डब्यांना नावं चिकटवायचं काम मुलांचं. पाच माणसांत हे अर्ध्या तासात उरकतं, आणि कुठली वस्तू कुठे आहे हे नंतर कुणीच विचारत नाही. आमच्याकडे "आई, जिरं कुठंय?" ही आरोळी जवळजवळ बंद झाली आहे.

बिल फेकू नका. एकूण रक्कम आणि यादीबाहेरच्या वस्तू वहीत उतरवा. यादीबाहेरच्या वस्तूंसमोर, ती आणणाऱ्याचं नाव. दोषारोपासाठी नव्हे, पण सलग तीन महिने माझंच नाव आल्यावर मी जरा सावरलो, हे खरं.

ज्यांना हे जमणार नाही

दोघांच्याही कामाच्या पाळ्या असतील, घरात आजारी माणूस असेल, आठवड्यात सगळ्यांना मिळून एकच मोकळी सकाळ असेल, तर ती दुकानात घालवू नका. घरपोच मागवा. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवर कोथिंबीर-ब्रेड ठीक आहे. महिन्याचा किराणा तिथे तुकड्या-तुकड्याने मागवला की किती खर्च झाला हे कळतच नाही. डबे-पाहणी मात्र तेव्हाही सगळ्यांनीच करा, आणि मागणी वहीतली यादी समोर ठेवून एकदाच नोंदवा. नवरा-बायकोची दुकानात हमखास जुंपत असेल तर एकाने फक्त यादी करावी आणि दुसऱ्याने फक्त खरेदी. दर महिन्याला अदलाबदल.

पहिल्याच खेपेला पूर्ण महिन्याचं भरायला जाऊ नका. पंधरा-वीस वस्तूंची यादी घ्या, दीड तास हाताशी ठेवा, आणि फोन खिशातच ठेवा. नेहमी खरेदी करणाऱ्या माणसाला त्या दिवशी तळावर ट्रॉलीपाशी उभं करा आणि सांगा, विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. त्यांना ते जड जातं. आमच्या हिने तोंडावर चक्क ओढणी धरली होती, मी पातळ पोह्यांची दोन पाकिटं घेऊन येताना दिसलो तेव्हा.